काला अंबचा पासवर्ड

मयूर विहार, दिल्ली
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. जयदीप आणि चि. सौ. मयुरा यांस मामाचे अनेक आशीर्वाद.

सोबत तिळगुळाची पुडी आहे. वाटेत तिचा चुरा झाला असेल तर चमच्याने खावा, मात्र खाल्ल्यावर गोड बोलण्याचं बंधन तेवढंच राहील आणि ते निदान या पत्राच्या शेवटापर्यंत पाळावं. ताईची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, दारातली रांगोळी या वयात उभ्याने काढण्याइतकी लहान काढ. आम्ही इकडे ठीक. इथली हवा तुला ठाऊकच आहे, सध्या ती डोळ्यांना दिसते. मामीचा खोकला बरा झाला, माझा नवीन आहे.

हातानं लिहिलेलं पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तुला मी गेल्या पंधरवड्यात बरंच काही लिहिलं, तुम्ही अंदमानात असल्यामुळे ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही. परत आल्यावर पोचलं, निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर म्हणून एक अंगठा आला. आमच्या खात्यात अंगठा फक्त निरक्षर पेन्शनरांकडून स्वीकारत, आणि तोही दोन साक्षीदारांसमोर. तेव्हा झालेला प्रकार सविस्तर कळवणं भाग आहे. तुला यातलं बरंच माहीत आहे, पण तू हे पत्र मयुराला वाचून दाखवशील (दाखवच, म्हणजे आपण कोणत्या घरात आलो आहोत ते तिला वेळेवर कळेल) म्हणून पहिल्यापासून लिहितो.

तर मयुरा, तुझा नवरा गुडगावला नोकरीला होता तेव्हा दर रविवारी आमच्याकडे जेवायला येई आणि जेवणाची फेड म्हणून आमच्या महाराष्ट्र मंडळाची सेवा करी. मंडळाची खोली मार्केटात एका केमिस्टच्या वर आहे. तिथे त्यानं टेबलाखाली एक काळा डबा बसवला. डबा म्हणजे कॉम्प्युटरच, पण त्याचं काम एवढंच की मंडळाचे फोटो, कार्यक्रमपत्रिका, नाटकाच्या तालमींची रेकॉर्डिंगं, सगळं त्यात राहायचं आणि समितीतल्या प्रत्येकानं खोलीत येऊन आपापल्या लॅपटॉपवरून ते उघडायचं. प्रत्येकाला एक नाव आणि एक पासवर्ड. पासवर्ड सगळ्यांचा सारखाच होता आणि तो केमिस्टलाही माहीत होता. पुण्याला बदली झाल्यावर जयदीपनं डब्याचा चार्ज माझ्याकडे दिला आणि एका पुठ्ठ्यावर दोन आज्ञा लिहून दिल्या. एक डब्याचा मुख्य पासवर्ड बदलायची, दुसरी माणसांचे बदलायची. ही दुसरी आज्ञा काळ्या पडद्यावर टाइप करायची. तिचं नाव एसएमबी आणि पुढे पासवर्ड हा शब्द, पण त्यातली मधली दोन अक्षरं गाळून. (का गाळली, ते मी विचारलं होतं. टायपिंगचे श्रम वाचावेत म्हणून, असं उत्तर मिळालं. ज्यांना दोन अक्षरांचे श्रम झेपत नाहीत त्यांच्या हाती जग गेलेलं आहे.)

आता दिनकरराव. हे आमच्या मंडळाचे सर्वांत जुने सभासद आणि कचेरीतले माझे पहिले साहेब. हिंदूरावच्या चढावर राहतात आणि तिकडे नेणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला हिंदूराव हा मराठा सरदार होता हे भाडं ठरवण्याआधी सांगतात. दर संक्रांतीला आमची बस पानिपतला जाते. काला अंबच्या स्मारकापाशी उभं राहून दिनकरराव लढाई सांगतात. कागद नाही, टिपण नाही. सुरुवात ठरलेली: मंडळी, चपला काढा आणि दक्षिणेकडे तोंड करा. का, तर इथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला शेवटी त्याच दिशेला घरी जायचं होतं. जयदीप, तू पहिल्या वर्षी थंडीनं कुडकुडत बूट काढायला नकार दिला होतास आणि हे वाक्य ऐकल्यावर मोजेसुद्धा काढले होतेस, ते मयुराला सांग.

गेल्या पावसाळ्यात दिनकररावांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जीव राहील, आवाज राहणार नाही. तेव्हा देवयानी (म्हणजे मामी) त्यांच्या घरी जाऊन बसली आणि सगळी लढाई त्यांच्या आवाजात तिनं फोनवर रेकॉर्ड केली. मग ते डब्यात ठेवलं आणि फोनमधून पुसून टाकलं, कारण फोनमध्ये जागा नव्हती. (जागा का नव्हती, तर तिच्या बहिणीनं रोज पाठवलेली गुड मॉर्निंगची फुलं तिला पुसवत नाहीत.) या संक्रांतीला काला अंबपाशी दिनकररावांना खुर्चीत बसवायचं आणि त्यांचाच आवाज स्पीकरवर लावायचा, असं ठरलं. म्हाताऱ्यानं नवी शाल आणली होती. त्यांचा आवाज जगात फक्त त्या डब्यात उरलेला होता, हे लक्षात ठेवून पुढचं वाच आणि मला काय बोलायचं ते मनात बोल.

मधल्या काळात मंडळाची निवडणूक झाली आणि हरीश कार्यवाह झाला. हरीश मुंबईचा, गुडगावच्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मुलगा सज्जन आहे. पण समिती बदलली म्हणजे चार्ज बदलला, आणि चार्ज बदलला की कुलपं बदलायची, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. मंत्रालयाच्या अनुवाद कक्षात आम्ही साहेब बदलल्यावर पाण्याच्या कूलरची चावीसुद्धा बदलत असू. तेव्हा बस निघायच्या तीन-चार दिवस आधी मी पुठ्ठा घेऊन खोलीत एकटाच बसलो.

पहिली अडचण अशी की पडद्यानं नवा पासवर्ड विचारला आणि मी तो टाइप करू लागलो तर पडद्यावर काहीही उमटेना. अक्षर नाही, टिंब नाही. मी जोरात दाबून पाहिलं. मग कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून मागच्या कोजागरीचे शेंगदाणे पडले. कीबोर्ड गेला असं समजून मी नेहरू प्लेसला गेलो, नवीन घेतला, दुकानदारानं समोर चालवून दाखवला, आणि खोलीत येऊन जोडला तर तोही मुका. शेवटी वैतागून तसंच आंधळेपणानं टाइप करून एंटर दाबलं, तर पडदा म्हणाला पुन्हा टाइप करा. पुन्हा केलं, आणि तो चक्क मान्य झाला. म्हणजे त्याला सगळं दिसत होतं, फक्त मला दाखवत नव्हता. हा स्वभाव मी एका अवर सचिवात पाहिलेला आहे. बाबा रे, पुठ्ठ्यावर एवढी एक ओळ लिहिली असतीस तर तुझं काय गेलं असतं?

एकदा जमल्यावर मात्र मला जोर चढला. आधी मुख्य पासवर्ड बदलला, मग माझा, मग मामीचा, हरीशचा, उरलेल्या समितीचा. सगळ्यांना एकच दिला, काला अंब आणि पुढे लढाईचं साल, इंग्रजी अक्षरांत. मग गोपनीयतेचे नियम पाळून प्रत्येकाला स्वतंत्रपणे तोंडी कळवला. मामीला स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना सांगितला, तो तिला तिसऱ्यांदा ऐकू आला. हरीशला मेट्रोत गाठून कानात सांगितला. त्याच्या कानात ते दुसरं काहीतरी होतं, त्यामुळे मोठ्यानं सांगावं लागलं, आणि आता ब्लू लाइनचा तो अख्खा डबा आपलं रेकॉर्डिंग उघडू शकेल अशी माझी समजूत होती.

उघडू कोणीच शकेना. मामी गेली, तिच्या लॅपटॉपवर पासवर्ड चुकीचा. हरीश गेला, चुकीचा. मी मामीच्या लॅपटॉपवर स्वतः टाइप केला, चष्मा लावून आणि काढून, तरी चुकीचा. हरीश म्हणाला, बिल्कुल टेन्शन नाही, डब्यालाच कीबोर्ड लावून मुख्य पासवर्डनं शिरतो आणि सगळ्यांचे पुन्हा बदलतो. तो डब्यासमोर बसला, काळ्या पडद्यावर तुझ्यापेक्षाही भरभर टाइप केलं, आणि पडद्यानं त्याला मुख्य पासवर्डही चुकीचा ठरवून हाकललं. मी म्हटलं, जरा सरक, मी बघतो. त्यावर त्यानं माझा हात अगदी आदरानं उचलून बाजूला ठेवला.

"काका, प्लीज," तो म्हणाला. "आता तुम्ही बिल्कुल हात लावू नका."

ही बंदी पुढे एकमतानं कायम झाली. ठरावाला अनुमोदन तुझ्या मामीनं दिलं. नंतरचे दिवस समितीतला जो तो येऊन डब्यासमोर बसून गेला, हरीशच्या कंपनीतला कोणी हुशार मनुष्य फोनवरून सूचना देत राहिला, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलो. तुला फोन करून पाहिला, लागला नाही. हरीश पुन्हा करणार होता, पण नुकतंच लग्न होऊन फिरायला गेलेल्या मुलाला समुद्रकिनाऱ्यावर सर्व्हरसाठी फोन करत नाहीत, असं मामीनं त्याला सुनावलं. मी सगळ्यांना सांगत होतो की पासवर्ड तोच आहे, माझ्या हातानं घातलाय, मला अजून विसरायचा आजार झालेला नाही. सगळे मान हलवत होते. जयदीप, लोक चिडले की बरं वाटतं. ते समजुतीनं मान हलवू लागले की आपण म्हातारे झालो हे कळतं. त्या खोलीत मला ते फार लागलं.

संक्रांतीला पहाटे कस्तुरबा गांधी मार्गावरून बस सुटली. धुकं असं की ड्रायव्हरला पुढचा ट्रक त्याच्या हॉर्नवरून ओळखावा लागत होता. बसमध्ये आमचा जुना नियम आहे की कुठलीही फजिती झाली तरी तिला पानिपत झालं असं म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं वाटेत मुरथलच्या ढाब्यावर सगळ्यांना पराठे खिलवायचे. यंदा सगळे माझ्याकडे बघत आणि शब्द गिळत होते. दिनकरराव पुढच्या सीटवर नवी शाल घेऊन बसले होते. ते आता फोनवर एका बोटानं टाइप करतात आणि फोनमधली बाई ते वाचून दाखवते. मराठी वाचते, पण रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगावं तशा सुरात. त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नव्हतं. ते काम माझं होतं आणि मुरथल गेलं, पराठे झाले, पानिपत आलं तरी माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता.

स्मारकापाशी महाराष्ट्रातून आलेल्यांची गर्दी होती. आम्ही नेहमीची जागा धरली, खुर्ची मांडली, हरीशनं भाड्याचा स्पीकर लावला. दिनकररावांनी शाल नीट केली आणि ऐकायला डोळे मिटले. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी माइक घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की दिनकररावांचा आवाज मी कुलपात घातलाय आणि ते कुलूप मला उघडता येत नाही. एवढं बोलून माइक कुठे ठेवावा ते कळेना, तो मी धरूनच उभा राहिलो.

दिनकररावांनी डोळे उघडले. आणि माझ्या मागून तुझी मामी, जिला चार माणसांत उखाणासुद्धा घेता येत नाही, ती म्हणाली, "मंडळी, चपला काढा आणि दक्षिणेकडे तोंड करा."

सूरही त्यांचाच होता, ते थांबत तिथं थांबून. पुढचं वाक्य मागच्या रांगेतून कोणीतरी म्हटलं, मग त्यापुढचं दुसऱ्यानं. अरे, इतकी वर्षं ऐकून आम्हा सगळ्यांना लढाई तोंडपाठ झाली होती आणि ते कोणालाच माहीत नव्हतं. यमुना ओलांडता न येणं, वेढ्यातली उपासमार, गारद्यांच्या तोफा, एकेक जण आपल्याला आठवेल ते सांगत होता. चुकलं की दिनकरराव काठी आपटत. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले तो तुकडा माझ्या वाट्याला आला आणि मी तो विश्वासराव पडण्याच्या आधीच सांगून टाकला, तेव्हा त्यांनी काठी आपटली नाही, फोन काढला, सावकाश टाइप केलं, आणि त्या बाईनं भर पानिपतात जाहीर केलं: "सुधन्वा, तू चूप बस. तुला अनुवादातही क्रम कळत नव्हता." लोक हसले, पलीकडच्या गटातले अनोळखी लोकही हसले. दिनकररावही हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. मी रडत होतो, ते धुक्यात खपून गेलं.

परतताना दिनकररावांनी बस मयूर विहारला थांबवायला लावली. खोलीत जाऊन डबा बघायचा म्हणाले, म्हणजे बाई म्हणाली. वर आल्यावर त्यांनी मला डब्यासमोर बसायची खूण केली. हरीश पुढे झाला तर त्याला काठीनं अडवलं. मी बसलो, माझं नाव इंग्रजीत टाइप केलं, मग पासवर्ड घातला, एंटर दाबलं, आणि फोल्डर उघडलं. सरळ, पहिल्या झटक्यात. हरीशचा चेहरा बघायला तू हवा होतास. मला क्षणभर वाटलं की डबा माझा हात ओळखतो, आणि मी तसं म्हणूनही टाकलं. तेवढ्यात दिनकररावांनी काठीचं टोक पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथं एक बारीक 'अ' होता.

आता हे तुला कळलंच असेल, मयुरासाठी सांगतो. अनुवाद कक्षात आम्ही जन्मभर देवनागरीत टाइप केलं. मध्ये एखादा इंग्रजी शब्द आला की एक बटण दाबून इंग्रजीत जायचं, शब्द संपला की तेच बटण दाबून परत यायचं. माझं बोट हे माझ्या नकळत करतं. आज्ञा इंग्रजीत टाइप झाली, इंग्रजी काम संपलं, बोट देवनागरीवर आलं आणि पासवर्डची बटणं मी बरोबर दाबली तरी आत भलतीच देवनागरी अक्षरं गेली. पडदा दाखवत नाही, मग मला कळणार कसं? बाकीचे प्रामाणिकपणे इंग्रजी टाइप करत राहिले, मामीच्या लॅपटॉपवर तर देवनागरी नाहीच, आणि ज्या एका बोटानं ते कुलूप उघडलं असतं त्या बोटावर समितीनं बंदी घातली होती. दिनकररावांना हे समजलं कारण त्या कक्षात ते माझे साहेब होते आणि त्यांचं बोटही तेच करतं.

मग आम्ही रेकॉर्डिंग लावलं. त्यांचा जुना, भरलेला आवाज खोलीत आला तेव्हा कोणी खुर्चीत बसून राहिलं नाही, सगळे आपोआप उभे राहिले. थोडंसं ऐकून दिनकररावांनी हात वर केला. बराच वेळ टाइप करत होते. बाई म्हणाली, "हे आता बंद करा. मी आहे तोवर तुम्हीच सांगा. तुमच्या चुका मला ऐकायला आवडतात."

असो. एकंदरीत सर्व सुरळीत पार पडलं आणि डब्याच्या कारभारात काही दोष असेल तर तो पुठ्ठ्याचा आहे, असं माझं मत आहे. ताईला नमस्कार. मयुराला म्हणावं, घाबरू नकोस, आम्ही दिल्लीत असतो.

तुझा,
सुधन्वामामा

ता. क. बाकी सगळ्यांचे पासवर्ड हरीशनं सरळ इंग्रजीत बदलून दिले. माझी बंदी उठली आहे, पण लेखी नाही.

ता. क. २. दिनकररावांच्या सांगण्यावरून रेकॉर्डिंगचं फोल्डर पुन्हा बंद केलंय. कसं, ते हरीशला सांगितलेलं नाही. मला माहीत असलेल्या एकमेव पद्धतीनं केलंय. ते उघडायची वेळ लवकर न येवो. आली आणि मीही नसलो, तर टेबलापाशी बस, कोपऱ्यात 'अ' आहे का बघ आणि मग तोच पासवर्ड घाल. हा चार्ज तुझ्याकडे देत आहे. पोच अंगठ्यानं देऊ नये.

ता. क. ३. मामी म्हणते, मुद्द्याचं लिहा. मुद्दा हा की पुढच्या संक्रांतीसाठी दिनकररावांनी आत्ताच तुकडे वाटून टाकलेत. वेढ्यातली उपासमार तुला दिली आहे (आमच्या घरचं तुझं रविवारचं जेवण त्यांनी पाहिलेलं आहे, तरी दिली) आणि मयुराला चपला काढायला सांगायचं पहिलं वाक्य. तू पुण्याला गेल्यापासून रविवारी मामी अजून जास्तीची कणीक भिजवते आणि मग मला रात्रीही पोळीच खावी लागते. तेव्हा या. पोचल्यावर दक्षिणेकडे तोंड करायचंच आहे, त्याआधी एकदा उत्तरेकडे करा.